तिसरी पाटी

आई, तुझी तिसरी पाटी माझ्या नातीच्या हातात आली, म्हणून लिहायला बसलेय. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा पाठवायचा प्रश्नच नाही. माझी शाळा सातवीपर्यंत. कुठं काही चुकलं तर चुकलं, तुला काय कळणार आहे. पण डोकं इतकं तापलंय की कुणाला तरी बोलायलाच पाहिजे. सुनेला बोलले तर ती म्हणेल, "आई, बीपीची गोळी घेतली का?" घेतलीय गोळी. हा राग गोळीने जायचा नाही. हा तुझ्यावरचा आहे आणि जुना आहे.

पाट्यांचं तुला काय सांगायचं. सकाळी मंडईतून फळांचा माल आणायचा, स्वारगेटच्या स्टँडबाहेर भिंतीला पाठ लावून बसायचं आणि गाड्यांची गर्दी व्हायच्या आत वेचणी उरकायची. समोर वेताच्या तीन पाट्या. पहिलीत गिऱ्हाइकाचं, अंगावर ओरखडा नसलेलं. दुसरीत जरा उतरलेलं, घासाघीस करणाऱ्यासाठी. तिसरीत डागी. दबलेलं, चिरलेलं, एका अंगाने काळं पडलेलं. तिसरी पाटी घरची. तू फळाकडे बघायचीसुद्धा नाहीस. देठाजवळ अंगठा टेकला की हात आपोआप त्या त्या पाटीकडे जायचा. बाप गेल्यावर आपण दोघीच, आणि दोघींना पुरेल एवढं रोज नासायचंच.

संध्याकाळी खोलीवर आलं की तू ती बिनमुठीची सुरी घ्यायचीस. टोक डागाभोवती गोल फिरवायचं, की काळा तुकडा टपकन खाली. उरलेल्याच्या फोडी पातेल्यात. पेरू, पपई, मोसंबी, कलिंगडाचा लाल संपून पांढरं लागतं ना, ते सुद्धा. वर लिंबू, तिखटाची चिमूट, आणि मीठ अगदी खाताना. "आधी मीठ घातलं की पानी सुटतं," हे तू मला शंभर वेळा सांगितलंस. शेजारीण दारातून विचारायची, "काय गं, आज काय केलंस?" तू म्हणायचीस, "राह्यलेलं." मला कितीतरी वर्षं वाटायचं, ते पदार्थाचंच नाव आहे. शाळेत बाईंनी आवडता पदार्थ विचारला तर मी उभं राहून सांगितलं, राह्यलेलं. वर्ग हसला. मी पण हसले, का हसतात ते कळलं नाही तरी.

आता तेच काचेच्या भांड्यात घालतात आणि त्याला सॅलड म्हणतात. सुनेच्या फोनवर एक बाई रोज करून दाखवते. गेल्या महिन्यात नातीचं रक्त तपासलं, कमी निघालं. अकरा वर्षांची आहे, उंच झालीय एकदम, आणि डोळ्यांखाली पांढरी. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतोच, पण रोज ताजी फळं द्या, पालेभाजी द्या, खजूर द्या. झालं. सून ऑफिसमधून येताना रोज पिशवी भरून आणायला लागली. द्राक्षं, डाळिंब, खरबूज, आंबे, आणि ते एक लोण्यासारखं बेचव परदेशी फळ. फ्रीज उघडला की फळं अंगावर येतात. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, उन्हाळ्याची सुट्टी, म्हणजे चार वाजता पोरीला खायला द्यायचं काम माझं. मीही म्हटलं, द्या इकडे, तुमच्यापेक्षा फळातलं मला जास्त कळतं.

कळतं ना. तूच शिकवलंस.

तर या रविवारी सुनेच्या ऑफिसातल्या चौघीजणी जेवायला यायच्या होत्या. सकाळपासून घरात लग्न असल्यासारखी धावपळ. नात फोन घेऊन माझ्या मागे. "आजी, फर्स्ट, बाउल चिल करायचा."

"म्हणजे काय?"

"भांडं फ्रीजमध्ये ठेवायचं अर्धा तास."

"का, भांड्याला ताप आलाय?"

ती हसली. सून आतून म्हणाली, "अहो आई, करू द्या ना तिला. आणि तिथे ऑलिव्ह ऑईल ठेवलंय, दोन चमचे वरून घालायचं आहे."

"फळावर तेल? फळ काय मालिश करून घ्यायला बसलंय?"

"हेल्दी असतं आजी!"

"फळ आपलं आपण हेल्दी असतं. तुम्ही त्याच्या अंगाला हात लावला नाही तर."

मी फोन बाजूला ठेवायला लावला आणि माझ्या पद्धतीने सुरू केलं. कलिंगडाच्या फोडी मोठ्या कापायच्या, बारीक केल्या की लगदा होतो. खरबूज, काकडी सालासकट, आंबा, द्राक्षं मधून चिरून. पुदिना हाताने तोडायचा, सुरी लावली की काळा पडतो. लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, आणि ते अगदी पानावर बसताना. पोरीला सगळं दाखवत होते, तिला आवडतं माझ्याबरोबर ओट्याशी उभं राहायला. सुरी धरायला मीच शिकवलंय. सून घाबरते, मी म्हणते, बोट कापलं तर शिकेल.

आणि बोलता बोलता माझे हात काय करत होते ते माझं मलाच दिसलं नाही. फ्रीजमधली सगळी फळं ओट्यावर काढली होती. पोरीने ओट्याकडे बोट करून विचारलं, "पहिला ढीग मावश्यांचा ना?" मी खाली बघितलं. ओट्यावर तीन ढीग. पहिल्यात चकचकीत. दुसऱ्यात जरा मऊ पडलेलं. तिसऱ्यात एक आंबा देठाशी काळा, एक डाळिंब चिरलेलं, मुठीएवढी पिचकलेली द्राक्षं. आई, पन्नास वर्षं झाली गं त्या भिंतीपाशी बसलेल्याला. त्यानंतर मी लग्न केलं, मेसमध्ये पंचवीस वर्षं पोळ्या लाटल्या, पोरगा शिकवला, धनकवडीला फ्लॅटमध्ये राहायला आले. आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर तुझा अंगठा वेचणी करत बसलाय.

मी पाहुण्यांचं भांडं भरायला घेतलं. पोरगी स्टुलावर बसली, हात लांब करून तिसऱ्या ढिगातला तो काळा आंबा घेतला, आणि सुरीचं टोक डागाभोवती गोल फिरवलं. टपकन काढला डाग. तुझ्यासारखा. अगदी तुझ्यासारखा, मनगट तसंच वळवून.

"तो कशाला घेतलास?" मी म्हटलं.

"घरचा आहे ना."

"कुणी सांगितलं तुला घरचा म्हणून?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "आपण रोज हेच तर खातो."

खरं होतं ना. महिनाभर सून ताजं आणतेय आणि चार वाजता फ्रीज उघडल्यावर मी आधी काय काढते? कालचं. परवाचं. जे पडायला आलंय ते. आधी डागी संपवायचं, मग चांगलं, हा तुझा कायदा. आणि डागी संपेपर्यंत चांगलं डागी होतं. मग ते संपवायचं. असं करत मी जन्मभर एक धड फळ खाल्लेलं नाही, घरात असूनसुद्धा. तुझ्याकडे निदान विकायचं होतं. मी कुणाला विकणार होते? आणि डॉक्टरांनी ताजं द्या म्हणून सांगितलेल्या पोरीला मी काळं काढून काढून भरवत होते, आणि वर स्वतःला शहाणी समजत होते, की सुनेची फळं वाया जात नाहीत.

मी तिच्या हातातला आंबा हिसकला आणि ओरडले. काय ओरडले आठवत नाही. "टाक ते!" असं काहीतरी. दारापर्यंत गेला असेल आवाज. पोरगी पांढरीफटक. आणि रडत काय म्हणाली, ऐक. म्हणाली, "आजी, मी मावश्यांचं नाही घेतलं! बघ ना, त्यांचं नाही घेतलं!"

तिथे मला तू दिसलीस. म्हणून हे पत्र.

अंजिराचं आठवतंय तुला? मी नऊ वर्षांची असेन. उन्हाळ्याचे दिवस, पहिल्या पाटीत पानांवर अंजिरं मांडलेली. तू पाणी प्यायला वळलीस आणि मी एक उचललं. एकच. तुला मांडणीतला खड्डा लगेच दिसला. मारलं असतंस तर मी विसरले असते. तू मारलं नाहीस. समोर चार गिऱ्हाइकं उभी असताना म्हणालीस, "त्वांड उघड." मी उघडलं. जिभेवर अंजिराच्या बिया. तू त्या लोकांना दाखवलंस, बघा, म्हणालीस, घरातच चोर हाय. लोक हसले. मग मला म्हणालीस, "चांगलं इकायचं असतं. खायाचं न्हाई." त्या अंजिराची चव मला आठवतच नाही. चघळायला वेळच कुठे मिळाला.

तेही सोडून दिलं असतं. नऊ वर्षांची पोर, मालाला हात लावला, आई चिडली. पण मोसंबीचं नाही सोडणार मी. सातवीत मला मुदतीचा ताप आला. तीन आठवडे पडून होते, केस मूठ मूठ गळले, मग शाळा सुटली ती सुटलीच. डॉक्टरांनी सांगितलं मोसंबीचा रस द्या. तू द्यायचीस रोज, नाही म्हणत नाही. तिसऱ्या पाटीतल्या मोसंबीचा. कडवट लागायचा, मी तोंड वाकडं केलं की म्हणायचीस, "औषीद समजून पी." मी प्यायचे. आपल्याकडे असंच असतं, एवढीच माझी समज.

मग बरी झाल्यावर पहिल्यांदा तुझ्याबरोबर स्टँडवर आले. डोक्याला फडकं बांधून तुझ्या मागे भिंतीला टेकून बसलेय. एक माणूस एसटीतून उतरला, खांद्यावर पोर, पोराचं डोकं लोंबकळतंय. तो दुसऱ्या पाटीतली मोसंबी चाचपायला लागला. तू विचारलंस, "आजारी हाय का लेकरू?" तो म्हणाला, "चार दिवस झाले ताप उतरत नाही." तू त्याच्या हातातली मोसंबी काढून घेतलीस. पहिल्या पाटीतल्या दोन उचलून दिल्यास, वरच्या दोन, सगळ्यात मोठ्या. म्हणालीस, "आजारी लेकराला डागी देऊ न्हाई. असंच ने." त्याने हात जोडले. शेजारचा केळीवाला म्हणाला, देवमाणूस आहे ही बाई.

आणि मी हातभर अंतरावर मागे बसले होते, आई. डोक्यावर केस नव्हते माझ्या. तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस. म्हणजे तुला माहीत होतं. आजाऱ्याला डागी देऊ नये हे तुला पक्कं माहीत होतं. माहीत नसतं तर मी कधीच माफ केलं असतं.

आता तू म्हणशील, एकटी बाई, रोजचं आणून रोजचं खाणं, चांगलं घरात खाल्लं असतं तर चूल कशी पेटली असती. सगळं माहीत आहे मला. मीही बाई आहे, मीही घर चालवलं. मला कारणं सांगू नकोस. दोन मोसंबी त्या माणसाला फुकट देता आल्या, तर एक मला देता आली असती. हिशेब तिथेच संपतो.

रविवारचं पुढे सांगते. सून धावत आली, "अहो आई, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, तू जा. पाहुण्यांचं भरलेलं भांडं उचललं आणि पोरीपुढे ठेवलं. खा म्हटलं. ती मान हलवते, "नको, ते त्यांचं आहे." खा म्हणते ना! "नको आजी." सुनेला वाटलं मी भ्रमिष्ट झाले. तेवढ्यात बेल वाजली. चौघी आल्या, खाल्लं, वा वा झालं, एकीने तर रेसिपी विचारली. म्हटलं, याला राह्यलेलं म्हणतात. त्या म्हणाल्या, किती युनिक नाव. मी मीठ घालायला विसरले होते, कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी चार वाजता मी तिला चांगला आंबा दिला. ती म्हणाली, "आधी तो काळा संपवूया ना, वाया जाईल." मंगळवारी तेच. ओरडले, समजावलं, डॉक्टरांचं नाव घेतलं. ती चांगलं घ्यायची, दोन घास खायची, आणि हळूच विचारायची, "तू कुठलं खाणारेस?" मी म्हणायचे, माझं बघू नकोस. पण ती तेवढंच बघते. तू तरी मला कुठे कधी सांगितलं होतंस की तिसरी पाटी आपली म्हणून. मी तुझं ताट बघत होते.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. तू शेवटी सरकारी दवाखान्यात होतीस, खिडकीजवळच्या कॉटवर. मी रोज डबा घेऊन यायचे. एक दिवस मोसंबी आणली. दुकानदार चांगली देत होता, मी त्याच्या टोपलीत हात घालून डागी शोधली. तो म्हणाला, मावशी, ती कशाला घेताय? मी म्हटलं, हीच पाहिजे. मुद्दाम केलं. तुझ्या उशाशी ठेवली आणि बघत बसले तुझ्याकडे. डोळे तुझे गेलेलेच होते जवळजवळ. तू हातात घेतलीस आणि अंगठा देठाजवळ टेकलास. मला वाटलं आता विचारशील. आता कळेल तुला. तू म्हणालीस, "डागी हाय." मग जरा थांबून, "ब्येस केलंस. दवाखान्यात कशाला चांगली आणायची. शिकलीस." आणि मी सोलून दिलेली फोड न फोड खाल्लीस. वर म्हणालीस, गोड हाय.

जन्मात एकदा तुझा सूड घ्यायला गेले तर त्यालाही तू शाबासकी दिलीस. चार दिवसांनी गेलीस. या गोष्टीचा राग मी कुठे नेऊन ठेवू, सांग.

आज बुधवार. आज चार वाजता मी काही बोलले नाही. फ्रीजमधून सगळ्यात चांगला हापूस काढला, पिवळाजर्द, अंगावर टिकली नाही. पोरीला दिला नाही. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि स्वतः खायला लागले. चिरला नाही, चोखूनही नाही, साल काढून सरळ दात लावले. खोटं नाही सांगत, पहिला घास उतरेना. मान वळवून दाराकडे बघितलं मी, कुणी येतंय का म्हणून. माझ्या घरात, माझ्या सुनेने आणलेला आंबा, सदुसष्टाव्या वर्षी. रस कोपरापर्यंत आला. पोरगी टक लावून बघतेय.

"आजी, तू चांगला खातेस?"

"मग? मी काय घरातली चोर आहे?"

तिला काही कळलं नाही त्यातलं. ती उठली, फ्रीज उघडला, आतले आंबे दाबून बघितले, देठाजवळ, अंगठ्याने, आणि त्यातला सगळ्यात चांगला घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. दोघींनी मिळून खाल्ले. तिच्या हनुवटीवरून रस गळत होता, मी पुसला नाही.

आता ती खाली खेळायला गेलीय. तिच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहिलंय, पानं फाडून घेईन. तिला वाचायला द्यायचं नाही आणि तुला वाचता येत नाही. उद्यापासून रोज असंच खायचं ठरवलंय, ती बघत असताना.

फ्रीजमध्ये मागे तो एक काळा आंबा राहिला होता. टाकणार होते, बादलीपर्यंत नेलाही होता. पोरगी जिना उतरल्याची खात्री केली, डाग काढला आणि ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ला. मेला, त्या हापूसपेक्षा गोड निघाला.